बर्फावर ओतलेला चहा

थंड चहा करायचा तर चहा आधी गार करायचा नाही, हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. तेही अशा आवाजात, की जणू मी त्यांच्या हाताखाली बंगल्यावर नोकरीला लागले होते. मामंजी मलबार हिलवर एका गोऱ्या साहेबाकडे बटलर होते. आम्ही लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो, मामंजी, माझा नवरा आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मी एकोणीस वर्षांची होते आणि माझं डोकं तेव्हाही लवकर तापायचं.

"गे, गरमच बर्फार ओत," मामंजी सांगायचे. "थंड करून ओतशीत तर चाय गढूळ होतली."

चहा कोरा आणि कडक करायचा, साखर त्यात उकळतानाच विरघळवायची. काचेच्या ग्लासात चमचा उभा ठेवायचा, म्हणजे काच तडकत नाही. फोडलेला बर्फ काठोकाठ भरायचा आणि त्यावर चहा सोडायचा. मग चरचर आवाज यायचा. त्यात अननसाचा गाळलेला रस, पपनसाच्या सोललेल्या पाकळ्या, आणि लिंबू सगळ्यात शेवटी. चाळीतल्या बायका मला हसायच्या. गार झालेला चहा आम्ही मोरीत ओततो आणि तुझा सासरा त्यात फळं घालतो, म्हणायच्या. मीही हसायचे, पण सुट्टीच्या दिवशी तो ग्लास हातात आला की मी तो घोट घोट पुरवून प्यायचे.

नवरा मात्र त्याला तोंड लावत नसे. तो गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचा आणि बाकीचा वेळ संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना द्यायचा. साहेबाच्या घरचं पेय त्याला नको होतं. मामंजींना मुलाच्या मोर्च्यांची धास्ती. बापलेक चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते. एका खोलीत राहून दोघंही माझ्यामार्फत बोलायचे. "त्याका सांग, साहेबाच्या कानार गेला तर माझी नोकरी जातली." "त्यांना सांग, जाऊ दे नोकरी." मी मधे उभी राहून दोघांवर खेकसायचे.

त्या दिवशी हरताळ होता. साहेबाने मामंजींना येऊ नका म्हणून निरोप दिला होता. घरी हात रिकामे ठेवणं त्यांना जमायचं नाही. पहाटेच ते बर्फाची लादी भुश्शात आणि गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. नवरा सकाळीच बाहेर पडला होता.

दुपारी रस्ता पेटला. वरून सगळं दिसत होतं. आधी दगड, मग सोड्याच्या बाटल्या, मग लाठ्या. एका म्हाताऱ्याला तिघा पोलिसांनी मिळून गटाराच्या कडेला इतकं मारलं की तो उठायचं सोडून तिथेच मुटकुळं करून पडला. अश्रुधुराचं एक नळकांडं आमच्या जिन्याशी फुटलं आणि गॅलरीतली पोरं डोळे चोळत किंचाळायला लागली. मी घरातला वरवंटा उचलून कठड्याशी आले होते. मामंजींनी माझं मनगट धरलं आणि मला आत ओढलं. मी त्यांना नको ते बोलले. साहेबाचे पाय चाटणारे, असंही म्हणाले. त्यांनी मनगट सोडलं नाही. तेवढ्यात गोळीबार सुरू झाला. फटाक्यापेक्षा कोरडा आवाज होता तो.

नवरा जिना चढून आला तेव्हा त्याचा अर्धा चेहरा रक्ताने भरला होता. लाठीने कपाळ फुटलं होतं. मागून पोलीस चाळीत शिरले होते आणि डोकं फुटलेला प्रत्येक तरुण ओढून नेत होते. मामंजी मुलाशी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी त्याला खाटेखाली ढकललं, पुढे दोन ट्रंका सरकवल्या, वरची चादर खाली सोडली. मी बर्फाच्या ओल्या गोणपाटाने उंबऱ्यापासून खाटेपर्यंतचं रक्त पुसून काढलं आणि गोणपाट मोरीत टाकून वर पाणी ओतलं.

खालच्या मजल्यावर दारं धडकत होती. कोणाची तरी आई जिन्यातून गडगडत गेली, तिची किंकाळी वरपर्यंत आली. मामंजींनी खुंटीवरचा पांढरा कोट चढवला, पितळी बटणं लावली आणि ते स्टोपाशी येऊन चहा करायला लागले. मी बघतच राहिले. त्यांनी बर्फ फोडला. ग्लासात बर्फ, त्यावर चहा, अननस, पपनस, लिंबू. ग्लास त्यांनी ट्रेमध्ये मांडले. उरलेला चहा पातेल्यात उकळत होता.

दार वाजायच्या आत त्यांनी ते उघडलं. ती त्यांची जन्माची सवय.

"गुड आफ्टरनून, साहेब."

फौजदार आत आला, त्याच्यामागे एक कोवळा हवालदार. बाकीचे गॅलरीत पुढच्या दारांकडे गेले. फौजदाराने कोट पाहिला, बटणं पाहिली आणि जरा नरमला. साहेबांकडच्या नोकरांना उगाच हात लावत नसत.

"घरात कोण कोण?"

"मी आणि माझी सून, साहेब. दोघंच."

फौजदाराने ट्रेकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग मामंजींकडे. "मग तिसरा ग्लास कोणाचा?"

तीन ग्लास मलाही दिसले होते आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. घरात जितकी माणसं तितके ग्लास, हे मामंजींचे हात गेली तीस वर्षं न विचारता करत होते. चार महिने मुलाने त्या ग्लासाला हात लावला नव्हता, तरी ते त्याचा भरत होते. त्या दिवशीही भरला.

"आपल्यासाठी, साहेब," मामंजी म्हणाले.

"मी येणार हे तुला कोणी कळवलं होतं?" फौजदार म्हणाला, आणि हवालदाराला हाताने खूण केली. तो खाटेकडे गेला, एका हाताने त्याने ट्रंक ओढली आणि वाकून चादर उचलली. फौजदारही तिकडेच वळून बघत होता.

मी पातेलं उचलून सगळा चहा त्या हवालदाराच्या तोंडावर फेकला.

"आई गं! आई, मेलो!" तो ओरडला. माझ्या माहेरचा, साताऱ्याकडचा असावा, माझ्या भावासारखाच हेल काढून ओरडला. तो दोन्ही हातांनी गाल ओरबाडत जमिनीवर लोळायला लागला आणि त्याच्या चेहऱ्याची साल हाताला येताना मी पाहिली. फौजदार गर्रकन वळला तेव्हा पातेलं मामंजींच्या हातात होतं. त्यांनी ते माझ्याकडून कधी घेतलं, मला कळलं नाही.

"मी फेकला, साहेब. माझ्या हातून झालं."

गॅलरीतले चौघे धावत आले. त्यांनी मामंजींचे हात स्टोच्या ओट्यावर दाबून धरले आणि लाठीने बोटं ठेचली. एकेक. मी मधे पडले तर मला भिंतीवर आपटलं. खाटेखाली ट्रंक हलली. मी सरपटत खाटेपाशी गेले आणि तिला पाठ लावून बसले, पूर्ण जोर देऊन. मामंजी ओरडत होते आणि मी त्यांच्या मुलाला बाहेर येऊ देत नव्हते. मग त्यांनी मामंजींना कोटाला धरून फरफटत जिन्यातून नेलं. पोळलेल्या पोराला दोघांनी उचललं. पुन्हा खाटेखाली बघायचं कोणाला सुचलं नाही. अंधार पडायच्या आत शेजाऱ्यांनी नवऱ्याला गच्चीवरून पलीकडच्या चाळीत नेलं.

मामंजी सुटून आले तेव्हा उजव्या हाताची चार बोटं वाकडी जुळली होती, डाव्याची दोन वळतच नव्हती. ट्रे धरणं संपलं, नोकरीही संपली. तोवर घरी परतलेला नवरा त्यांना रोज स्वतःच्या हाताने भरवायचा. "बाबा, एक घास अजून," म्हणायचा. चाळीत सांगत फिरायचा, माझ्या बापाने पोलिसाच्या तोंडावर उकळता चहा फेकला. ट्रंकांआडून त्याला फक्त आवाज ऐकू आला होता. माणसं पाया पडायला यायची. ज्यांना चळवळीची इतकी धास्ती, ते मामंजी निमूट नमस्कार घ्यायचे.

एकदा घरात दोघंच असताना मी त्यांना विचारलं, का केलंत हो असं? मी रडत होते.

"बंगल्यार काय सांडला," ते म्हणाले, "तर बटलरान सांडवला, असाच म्हणूचा. मेमसाबान कधी सांडवूक नाय." मग म्हणाले, "त्याका सांगू नको. आता खंय तो माझ्याशी बोलूक लागलो हा."

म्हणून मी सांगितलं नाही. बापलेक संध्याकाळी गॅलरीत बसून गप्पा मारायचे आणि मी आत भाकऱ्या थापत ऐकायचे. मला मामंजींचा हेवा वाटायचा, मग स्वतःची किळस यायची. तो हवालदार जगला की नाही, त्याचे डोळे राहिले की गेले, हे विचारायला मी कोणाकडे जाणार होते?

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीच्या पटांगणात मामंजींचा सत्कार केला. शाल घातली, हार घातला. नवऱ्याने त्यांचे दोन्ही हात मनगटांना धरून वर उचलले आणि ती वाकडी बोटं सगळ्यांना दाखवली. मामंजी बायकांच्या घोळक्यात मला शोधत होते. मीही टाळ्या वाजवत होते, धडधाकट हातांनी.