सहदेवभाऊंची ऑडिशन

ठाण्याजवळच्या दिव्यात राहणाऱ्या सहदेवभाऊ शिगवणांना कोकणातल्या गावी शिमग्यात होणाऱ्या नमनाच्या खेळात रावणाशिवाय दुसरं काम कधी कोणी दिलं नव्हतं. यंदा मात्र मंडळाचा सेक्रेटरी साईनाथ घरी येऊन म्हणाला, "भाऊ, या शिमग्याला रावण पोरांपैकी कोणी करील. तुम्ही पडद्यामागे उभे राहा, वाक्यं सांगायला." भाऊंनी मान हलवली आणि पुढे दोन दिवस घरात कोणाशी धड बोलले नाहीत.

सून ऐश्वर्या हुशार. तिने त्यांना वर्तकनगरच्या एका अभिनयवर्गात घातलं. तिथे जाहिरातींच्या ऑडिशनची तयारी करून घेत. शिकवणारी निशा त्यांच्या लेकीच्या वयाची. पहिल्याच रविवारी तिने मोबाइल स्टँडवर लावला, भाऊंच्या हातात रिकामा कप दिला आणि म्हणाली, "काका, चहा आवडला, एवढंच दाखवा."

भाऊंनी भुवया टाळूपर्यंत चढवल्या आणि "वाहवा!" म्हणून अशी गर्जना केली, की शेजारच्या शिकवणीतली मुलं दारात गोळा झाली.

"काका, कॅमेरा हातभर लांब आहे. शेताच्या बांधावर नाही बसलेला."

"मग नुसत्या डोळ्यांनी हसू?"

"त्यातही अर्धंच."

हे अर्धं हसू जमायला भाऊंना दोन महिने लागले. रिकाम्या कपाला वजन आणायचं, वाफ लागल्यासारखं तोंड जरा मागे घ्यायचं, मग घोट. त्याआधी कॅमेऱ्याकडे बघून आपलं नाव, वय, उंची सांगायची, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू दाखवायच्या. भाऊ सगळं शिकले.

आणि एक दिवस घोडबंदर रोडवरच्या एका स्टुडिओतून बोलावणं आलं. चहाच्या जाहिरातीला आजोबा हवे होते. हे काम मिळालं तर आपण अजून नट आहोत, नाही मिळालं तर गुपचूप पडद्यामागे उभं राहायचं, असं भाऊंनी मनाशी ठरवून टाकलं.

ऐश्वर्या सोबत होती. बाहेरच्या बाकावर आजोबांची रांगच लागलेली. एका मुलीने येऊन सगळ्यांच्या नाकाला, कपाळाला पावडर लावली. ऐश्वर्या पाण्याची बाटली भरून परत येते, तर भाऊ ताठ बसलेले आणि त्यांच्या मागचे आजोबा आत निघालेले.

"बाबा, तुमचं नाव नाही घेतलं?"

"घेतलं की. तीनदा."

"मग?"

"पावडर लावली ना त्या पोरीने! अगं, रंग लागल्यावर आपल्या नावाला ओ द्यायची नसते. रावणाला कोणी 'ए सहदेव' म्हणून हाक मारतं का?"

ऐश्वर्याने कपाळावर हात मारला. "अहो, इथे कोणाला माहितीये ते!" ती धावतच आत गेली आणि नावं पुकारणाऱ्या आर्यनच्या विनवण्या करू लागली. "दादा, ते जुने कलाकार आहेत. त्यांच्याकडे तशी पद्धत असते." आर्यन आधी वैतागला, मग त्याला हसू आलं. "शेवटी घेतो. पण झटपट हां."

भाऊ आत गेले. आर्यन म्हणाला, "काका, नाव सांगा."

भाऊ अडले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड स्वच्छ पुसलं आणि म्हणाले, "सहदेव गोविंद शिगवण. वय अडुसष्ट. उंची पाच फूट पाच इंच." डावी बाजू, उजवी बाजू. मग त्या पावडरवाल्या मुलीकडे वळले. "हं, आता लावा."

खोलीत हशा पिकला. पण कप हातात आला आणि भाऊ शांत झाले. कपाला वजन आलं. वाफ आली. सकाळी निघताना ऐश्वर्याने केलेला चहा त्यांनी मनात आणला आणि एक घोट घेतला. चेहरा हलला न हलला.

"परत एकदा, काका," आर्यन हळूच म्हणाला. आता कोणी हसत नव्हतं.

चार दिवसांनी फोन आला. शूटिंग नेमकं शिमग्यात. भाऊंनी लगेच साईनाथला फोन लावला.

"पडद्यामागे दुसरा माणूस बघ. मला शूटिंग आहे."

"तुम्हाला? कसलं?"

"चहाच्या जाहिरातीचं."

"अरे वा! वाक्यं किती आहेत?"

"एकपण नाही."

"मग भाऊ, तुम्ही करणार काय तिथे?"

"चहा पिणार," भाऊ म्हणाले. "ये एकदा घरी, दाखवतो."