काठीवरचा कॅमेरा आणि द्राक्षाची गाठ

मी लिहायला बसावं इतका माझा अधिकार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात आजवर लिहिणं म्हणजे द्राक्षांच्या क्रेटवर मार्करनं नाव टाकणं. कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे चुकलो तर घरात दुरुस्त करणारंही कोणी नाही.

भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या मॅडम उन्हाळ्यात डोंगरातल्या जुन्या पायवाटांचे नकाशे करणार होत्या. त्यासाठी थोडी मुलं निवडायची होती. चालण्याच्या काठीला छोटा कॅमेरा लावायचा, अंजनेरी चढायची आणि वाटेचं चित्रीकरण आणून द्यायचं, एवढीच निवडीची परीक्षा. निवड झाली तर मॅडम पुढच्या शिक्षणासाठी शब्द टाकणार होत्या. नाही झाली तर मामानं अंबडच्या एका कंपनीत माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. मामा फोनवर विचारायचा, "मग, कधी येतो?" वडील म्हणायचे, "बघू."

कॉलेजनं काठी दिली, कॅमेरा दिला. कॅमेरा काठीला धरून ठेवणारी पकड मात्र आधीच कोणीतरी हरवली होती. आदल्या संध्याकाळी मी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या घेऊन बसलो. आई बागेतून आली आणि तिनं हात पुढे केला.

"आन इकडं. असं केलं तर उजाडंल तुला."

तिनं सुतळी घेतली आणि दोन वेढ्यांत कॅमेरा बांधला. लग्न झाल्यापासून ती द्राक्षाच्या काड्या तारेला बांधते.

"पडणार नाय ना?"

"माझी एक काडी खाली आलेली बघितली का कधी?"

बघितली नव्हती.

अंजनेरी एकटाच चढलो. माकडांची भीती वाटत होती म्हणून मोठ्यानं बोलत राहिलो. "आता डावीकडं वळायचं. हा कातळ घसरडा हाय, वरच्या अंगानं जायचं. करवंदीच्या जाळीपाशी वाट फुटते, खालची गुरांची हाय." कॉलेजात मी असं बोलत नाही. माकडांपुढे चाललं.

मॅडमनी ते चित्रीकरण वर्गात लावलं. सुरुवातीला वाट दिसली. मग वाट कडेला सरकली, मग आभाळ आलं, मग मी आलो. माथ्यापर्यंत मीच होतो, हनुवटीच्या खालून.

द्राक्षाची गाठ सैलच बांधतात. काडी पुढे जाड होते, तेव्हा तिला फास बसू नये म्हणून बोटभर जागा ठेवतात. अशी काडी पडत नाही, पण फिरू शकते. आईनं कॅमेऱ्यालाही वाढायला जागा ठेवली होती.

"अरे, नाकाचा नकाशा झाला!" मागून कोणीतरी ओरडलं. मॅडम हसल्या नाहीत. शेवटपर्यंत बघून त्यांनी विचारलं, "आवाज तुझाच का?"

"हो मॅडम. सॉरी."

"बरं. फोन करते."

घरी येऊन आईला सांगितलं, "कॅमेरा फिरला."

"पडला का?"

"नाय."

"मग?" म्हणाली आणि पीठ मळायला घेतलं.

माझा फोन बिघडला होता म्हणून वडिलांचा नंबर दिला होता. आठवडा गेला. फोन आला नाही. मामानंही विचारायचं बंद केलं, तेव्हा वाटलं, ती जागाही गेली. मॅडमना जाऊन विचारायचा धीर होत नव्हता. रविवारी वडिलांबरोबर बागेत फवारणीची नळी ओढत होतो. मधेच पंप थांबवून ते म्हणाले, "तुझ्या कालेजच्या बाईंचा फोन आला व्हता."

"कधी?"

"झाले की चार-पाच दिवस. मला वाटलं, औषधवाल्यांचा हाय. दोनदा कापला, मग उचलला."

"काय म्हणल्या?"

"घेतलंय म्हने तुला. म्होरं चालून वाट सांगायला. कॅमेरा दुसरं पोरगं धरनार हाय."

"अण्णा, मग सांगायचं ना!"

"मामाला तवाच सांगितलं की," म्हणाले आणि पंप चालू केला.