मी न मारलेली हाक

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले आहे. अकोल्याला माहेरी आमची आत्या अशा गोष्टी रंगवून सांगायची आणि मी मध्येच, "तेव्हा लाईट गेलेली होती का?" असं विचारून तिचा विरस करायची. पुढे ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले, तेव्हा ही खोड आणखीच वाढली. तरी आज लिहायला बसले आहे, कारण गेल्या उन्हाळ्यापासून मला एका जागी धड बसवत नाही. सांगून टाकलं तर जरा बरं वाटेल, एवढीच आशा.

आम्ही नवरा-बायको दोघंही हौशी रेडिओवाले. म्हणजे परीक्षा देऊन लायसन्स काढलेले आणि घरच्या सेटवरून कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांशी गप्पा मारणारे. नाद आधी ह्यांना लागला, मग मला. ह्यांचं नाव प्रमोद, पण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तोंडावर मी "अहो"च म्हणते... सेटवरसुद्धा, आणि त्यावरून आमची मंडळी मला यथेच्छ चिडवतात.

अमरावतीत भातकुलीच्या बाजूला आमचं घर, मागे ऐसपैस अंगण. गच्चीवरच्या अँटेनानं ह्यांचं समाधान होईना, म्हणून चांदूर बाजारच्या एका केबलवाल्याचा बंद पडलेला लोखंडी जाळीचा मनोरा विकत आणला. चांगला तीस फुटी. तो उभा राहतो तीन ताणांवर. वरून तीन दिशांना तारा खेचायच्या आणि जमिनीत ठोकलेल्या खुंटांना घट्ट बांधायच्या. मदतीला भातकुलीहून ह्यांचे मित्र राजूभाऊ आले होते, तेही रेडिओवालेच.

राजूभाऊंचं म्हणणं, "खुंटाले सिमेंटचा खड्डा पायजे."

"मे महिना हाय राजा," हे म्हणाले. "काळी माती गोटा होऊन बसली. सिमेंट काय करतं तिच्यापुढं?"

पहिले दोन खुंट ठोकताना दोघांचा घाम निघाला. तिसरा गोडलिंबाच्या झाडाशी जरा सहज गेला, तर हे खूशच झाले. सहज का गेला, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्या कूलरचं सांडपाणी ह्यांनीच नळी टाकून गोडलिंबाला सोडलं होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघरी हेच करतात, झाड जगतं. वरून माती कोरडी ठक्क, आणि खाली नुसता चिखल.

मनोरा उभा राहिला. वरच्या कप्पीतून दोरीनं अँटेनाची तार चढवायची, तर दोरी कप्पीत अडकून बसली. हे चढले वर. कमरेला पट्टा, पट्टा मनोऱ्याला बांधलेला. खांद्याला हँडसेट, कारण वरून ओरडून बोललेलं खाली नीट कळत नाही. दुसरा हँडसेट खाली राजूभाऊंच्या हातात. तिसरा माझा, तो समोरच्या खोलीत बंद करून चार्जिंगला लावलेला. मी स्वयंपाकघरात पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्या मिक्सरला लावल्या होत्या. आमचा मिक्सर चालू झाला की शेजारच्यांनाही कळतं.

मिक्सर थांबवला तर हे धापा टाकत मागच्या दारात उभे. चिडलेले.

"काय झालं व? कावून बलावलं मले?"

"मी कुठं बोलावलं?"

"आता सेटवर बोलली ना. 'प्रमोद, खाली ये. लवकर खाली ये.' हातातलं काम टाकून आलो मी."

मी राजूभाऊंकडे पाहिलं. ते हातातल्या सेटकडे बघत होते. "वहिनी, म्या बी आयकलं. तुमचाच आवाज होता." मग म्हणाले, "पण तुमी तर खिडकीत दिसून राहिल्या होत्या मले. मिक्सर चालू होता."

हे थट्टा समजून राजूभाऊंवर घसरणार, तेवढ्यात अंगणात वावटळ उठली. आमच्याकडे मे महिन्यात दुपारच्या सुमारास उठते तशीच, काही विशेष नव्हती. गोडलिंबापाशी काहीतरी फसकन वाजलं आणि तिसरा खुंट ताणासकट चिखलातून वर आला. मनोरा कलला, आणि आमच्या डोळ्यांदेखत अंगणाच्या कुंपणभिंतीवर आडवा झाला. भिंतीच्या विटा पलीकडे जाऊन पडल्या. वरचं टोक, जिथे हे पट्टा बांधून उभे होते, ते पार दुमडलं होतं.

पन्हं कोणी प्यालं नाही.

नंतर मी माझ्या स्वभावाप्रमाणे सगळं तपासलं. माझा हँडसेट बंदच होता. घरातल्या मोठ्या सेटची वायर तर नव्या अँटेनासाठी काढून ठेवलेली होती. कोणी नक्कल केली म्हणावी, तर खुंट उपटणार हे बाहेर कोणाला ठाऊक असणार? उन्हानं भास झाला म्हणावं, तर एक वर, एक खाली, दोघांना शब्दन् शब्द सारखा कसा ऐकू येतो? आणि मी खरंच बोलले असते, तर आवाजामागे मिक्सरची घरघर यायला हवी होती. दोघंही सांगतात, मागे काहीच नव्हतं. शिवाय मी ह्यांना नावानं हाक कधीच मारत नाही.

यानंतर मला वेड लागायची पाळी आली. ते शब्द मीच पुढे कधीतरी बोलायचे आहेत आणि तेच मागे त्या दुपारी पोचले की काय, असं वाटायला लागलं. किती वेळा हँडसेट हातात घेतला, बटण दाबलं, आणि तसंच सोडून दिलं. ह्यांना वाटायचं, भीती बसली आहे, जाईल हळूहळू.

एक गोष्ट मात्र दोघांनीही तेव्हा मला सांगितली नव्हती. बऱ्याच दिवसांनी, आम्ही दोघं भिंतीची डागडुजी बघत उभे असताना हे बोलले.

"तू सेटवर रडून राहिली होती. आता रडायला लागलेलं माणूस नाही वाटत होतं. लई दिवस रडून आवाज बसते ना, तसा होता."

माझी आई गेली तेव्हासुद्धा ह्यांनी माझा असा आवाज ऐकलेला नाही. इतकं रडावं असं माझ्या आयुष्यात काही घडलेलंच नाही.

पण जी कोणी बोलली, तिच्या आयुष्यात घडलं होतं. तिच्या अंगणात अशी हाक आलीच नव्हती, तिनं ह्यांना मनोऱ्यासकट पडताना पाहिलेलं होतं. मला फक्त तिची फार दया येते, आणि लाजही वाटते. माझा माणूस आत्ता आत कूलरसमोर आडवा होऊन घोरतो आहे. तिच्या घरात कोण उरलं, हे मला कोणीच सांगू शकत नाही.