तिसऱ्या तळ्यावरचं उत्तर

गाईडकाका एरवी चार शब्दांत काम भागवणारे, पण माइक हातात आला की त्यांच्या जिभेला लगाम नसायचा. सकाळी सातला बस सुटायची ती दोन घळया आणि तीन तळी दाखवून संध्याकाळी परत. या एका सहलीवर त्यांनी तेवीस वर्षं काढली होती. कुठल्या वळणावर कुठला विनोद हे इतकं ठरलेलं, की ड्रायव्हर विनोदाच्या आधीच गिअर बदलून घ्यायचा. इंजिनाच्या घरघरीत शेवट बुडायला नको.

सगळ्यात जास्त चालायचा तो तिसऱ्या तळ्यावरचा किस्सा. पाण्यात घुसलेल्या सपाट खडकावर उभं राहून काका सांगायचे, लग्नाआधी इथेच मी आमच्या हिला विचारलं, माझ्याशी लग्न करशील का? ही म्हणाली, विचार करून सांगते. झाली सव्वीस वर्षं, अजून विचारच चाललाय! माणसं पोट धरून हसायची आणि मग त्या खडकावर जोडीने फोटो काढायला रांग लावायची.

किस्सा धादांत खोटा होता. लग्न दोन्हीकडच्या आत्यांनी एका दुपारी बसून ठरवलं होतं, आणि काकूंनी ते तळं जन्मात पाहिलं नव्हतं. घाटात त्यांना गाडी लागायची. सुरुवातीला काका खूप मागे लागायचे, पण पहिल्या वळणाचं नाव काढलं तरी काकू तोंडाला रुमाल लावायच्या. पुढे काकांनी विचारणं सोडलं. काकू घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवत राहिल्या आणि काका त्यांना रोज माइकवरून तळ्यावर नेत राहिले.

अशात एका मंगळवारी काकू पर्स घेऊन थेट बसपाशी हजर. औषधवाल्याने नवी गोळी दिली होती, आणि एक सीट आयत्या वेळी रिकामी झाल्याचं ड्रायव्हरने परस्पर फोन करून कळवलं होतं. हा ड्रायव्हर एक नंबरचा आगलाव्या. काकूंना पुढच्या सीटवर बसवून त्याने माइकवर जाहीर केलं, की आज साक्षात वहिनी आपल्याबरोबर आहेत. टाळ्या पडल्या आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या दिवशी पहिल्या घळईत काकांनी फक्त खोली सांगितली, दुसरीत फक्त दगडाचं वय. ड्रायव्हरचे गिअर फुकट गेले. काकू मात्र मजेत होत्या. गोळी लागू पडली होती आणि त्या काचेला नाक लावून बघत होत्या. तिसऱ्या तळ्यावर माशांवर बोलायचं आणि सुटायचं, असं काकांनी मनाशी पक्कं केलं.

मासे दोन वाक्यांत संपले. मागून एका निवृत्त शिक्षिकेने हात वर केला. त्या गेल्या वर्षी येऊन गेल्या होत्या आणि या वेळी खास या किश्श्यासाठी बहिणीला घेऊन आल्या होत्या.

"वहिनी, तेवढं सांगा. उत्तर दिलंत का शेवटी?"

काकूंनी विचारलं, कसलं उत्तर? मग काय, बाईंनी अख्खा किस्सा म्हणून दाखवला, काका थांबतात तिथे थांबून. काका खडकाकडे बघत राहिले. आपण खोटे पडणार याची भीती होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. जे हिच्या वाट्याला कधी आलंच नाही, ते हिच्या नावावर आपण रोज परक्या माणसांना सांगत होतो.

काकूंनी चपला हातात घेतल्या आणि त्या खडकावर जाऊन उभ्या राहिल्या.

"खडक हाच," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "पण तेव्हा एवढी गर्दी नव्हती."

हशा पिकला, फोटोची रांग लागली. काका घाम पुसत बाजूला गेले, तर काकू मागोमाग आल्या.

"तुम्ही मला कधी विचारलंच नाही," त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या. "आत्यांना विचारलंत."

"हो. चुकलंच माझं."

"मग आता विचारा."

हजारो वेळा माइकवर म्हटलेलं वाक्य, पण माइकशिवाय काकांनी ते दोनदा अर्ध्यावर सोडलं. तिसऱ्यांदा कसंबसं पूर्ण केलं.

"विचार करून सांगते," काकू म्हणाल्या आणि बसमध्ये जाऊन बसल्या.

परतीच्या वाटेवर काकांनी माइकला हात लावला नाही. शेवटच्या वळणावर ड्रायव्हरने सवयीने गिअर बदलला, इंजिन शांत झालं, आणि काकूंनी पुढे वाकून काकांच्या कानाशी एवढंच म्हटलं, "हो."

दुसऱ्या दिवशी नवी माणसं, तोच खडक. काकांनी किस्सा नेहमीसारखा रंगवला आणि शेवटी म्हणाले, "काल तिने हो म्हटलं."

विनोद साफ पडला, एकही माणूस हसला नाही. काकांनी मात्र तो शेवट पुन्हा कधी बदलला नाही.