कलमकाकांचा ठराव

कलमकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कॉलनीत कोणी उरलं नव्हतं. बस डेपोत चौतीस वर्षं टाइमकीपर म्हणून काढली, तिथे सगळे त्यांना 'लाल पेन' म्हणत. निवृत्त होऊन कॉलनीच्या बागेचे सेक्रेटरी झाले आणि 'कलमकाका' झाले. दोन्ही नावं पाठीमागे ठेवलेली होती आणि दोन्ही त्यांना ठाऊक होती. राग यायचा नाही. उलट आत कुठेतरी बरंच वाटायचं.

डेपोतलं काम सरळ होतं. फाटकाशेजारी खिडकी, समोर रजिस्टर, डोक्यावर घड्याळ. गाडी वेळेत सुटली की निळी नोंद, उशीर झाला की लाल. एकदा एक ड्रायव्हर तापाने फणफणलेल्या पोरीला दवाखान्यात पोचवून धापा टाकत आला, सात मिनिटं उशिरा. "साहेब, आजच्या दिवस कानाडोळा करा," म्हणाला. काकांनी त्याला बसायला स्टूल दिलं, प्यायला पाणी दिलं आणि लाल पेनाने सात मिनिटं लिहिली. ही गोष्ट ते स्वतः कौतुकाने सांगत. पाणी दिलं होतं हे ते मुद्दाम दोनदा सांगत, पण ऐकणाऱ्याच्या लक्षात राहायची ती सात मिनिटंच.

असा माणूस बागेला मिळाला हे बागेचं भाग्यच म्हणायचं. पूर्वी तिथे विटांचे तुकडे, गंजके पत्रे आणि अठरा घरांचा कचरा होता. काकांनी लोकांच्या मागे लागून लागून जागा साफ करून घेतली, माती टाकून घेतली, चालायला गोल रस्ता केला, चार बाकं आणि एक पत्र्याची शेड उभी केली. गवत उगवलं, आणि गवताबरोबर भांडणही उगवलं. कुत्रेवाले म्हणत, कुत्रा हा आमच्या घरातला माणूस आहे. बिनकुत्रेवाले म्हणत, मग घरातल्या माणसाला घरातलाच संडास दाखवा. तीन सभा नुसत्या आरडाओरड्यात गेल्या. चौथ्या सभेत काकांनी स्वच्छ अक्षरात बारा कलमांची नियमावली पुढे ठेवली. सातवं कलम असं होतं: बागेत कुत्रा आणता येणार नाही, मग तो पट्ट्याने बांधलेला असो वा कडेवर घेतलेला. दहा विरुद्ध आठ मतांनी ते मंजूर झालं. दोन मतं उद्या इकडची तिकडे होतील हे काकांना कळत होतं, म्हणून बाराव्या कलमात त्यांनी पाचर मारून ठेवली होती. नियम बदलायचा झाला तर अठराही घरांची संमती पाहिजे. "अठरा म्हणजे अठरा. सतरा चालणार नाहीत," असं त्यांनी बजावलंही होतं.

सातव्या कलमाचा पहिला फटका बसला टेलरबाईंना. या बाई कोपऱ्यावरच्या घरात एकट्या राहत, कपडे लहानमोठे करून देत. त्यांचा पांढरा कुत्रा म्हातारपणी आंधळा झाला होता आणि रस्त्यावर हॉर्न वाजला की जागच्या जागी थरथरत बसायचा. बाई त्याला उचलून बागेत आणत आणि दहा मिनिटं गवतावर सोडत. काकांनी त्यांना फाटकातच गाठलं.

"काका, त्याला दिसत नाही हो. तो कोणाला काय करणार?"

"बाई, पाटी वाचा. कडेवर घेतलेला असो, असं स्पष्ट लिहिलंय."

बाईंनी पाटी वाचली. कुत्रा भावाकडे पाठवला, तिकडे मोकळं अंगण होतं. दीड महिन्यात तो तिथेच गेला. कशाने गेला ते बाईंनी कोणाला सांगितलं नाही. त्यानंतरही काकांच्या पँटी आखूड करून द्यायच्या त्याच, पण कपडा दारातच घ्यायच्या आणि दारातच द्यायच्या. आत या म्हणायच्या नाहीत. काकांना वाटे, बाई कामात असते, वेळ नसेल.

या गोष्टीला सहा वर्षं झाली आणि काकूंना अर्धांगाचा झटका आला.

जिवावरचं पायावर निभावलं. डावा हात लुळाच राहिला, पण डावा पाय ओढत का होईना, काकू उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "रोज अर्धा तास सपाट जमिनीवर चालवायचं. सहा महिने नेमाने चालल्या तर पाय परत येईल. घरात बसल्या तर आखडेल, आणि एकदा आखडला की माझ्या हातात काही नाही."

चालवणं काकांना जमेल असं सगळ्यांनाच वाटलं होतं. नेमाचा माणूस! पण बागेत काका शेजारून चालत आणि मनगटाकडे बघत. "काल अकरा मिनिटं झाली होती, आज नवातच बसलीस." काकू बाकावर बसून म्हणायच्या, "अहो, मी गाडी नाही. मला डेपोत नोंदवू नका." तिसऱ्या दिवशी त्यांनी चप्पलच घातली नाही. काठीही नको म्हणाल्या, काठी हातात घेतली की आपण पडणार असं त्यांना वाटे.

त्यांना चालतं केलं ते भुऱ्याने. भुऱ्या हा मुलाचा कुत्रा. मुलगा नोकरीसाठी दूर गेला तेव्हा महिनाभरासाठी म्हणून ठेवून गेला, त्याला चार वर्षं झाली होती. काका त्याला नावाने हाक मारत नसत, "ते कुत्रं" म्हणत. तर हे कुत्रं एका सकाळी काकूंच्या उजव्या अंगाला येऊन उभं राहिलं. काकूंनी त्याचा पट्टा धरला आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या. त्या थांबल्या की ते थांबायचं, त्या निघाल्या की ते निघायचं, आणि किती वेळ झाला हे विचारायचं नाही. काका दारात उभे राहून बघत होते. बायको हसताना त्यांना दोन महिन्यांनी दिसली.

पण घरात किती चालणार? नऊ पावलांवर भिंत. रस्ता पाइप टाकायला खणून ठेवलेला, उरलेल्या पट्टीतून स्कूटरी घुसत. एका स्कूटरचा आरसा काकूंच्या कोपराला लागला आणि त्या खाली बसल्या. त्या दिवसापासून रस्त्याचं नाव काढलं की त्यांना घाम फुटायचा. सपाट, मोकळी, गाड्या नसलेली जागा जवळपास एकच होती, आणि तिच्या फाटकावर काकांच्या अक्षरातली पाटी होती.

बातमी लपून राहत नाही. बागेच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर, गोड बोलून दाढ उपटणारे. ते स्वतः घरी आले.

"काका, काकूंना आणि भुऱ्याला घेऊन या बागेत. सकाळी सातला तिथे कोण असतं? मी चारपाच जणांशी बोललोय. सगळे कानाडोळा करतील."

"कानाडोळा?" काका म्हणाले. "म्हणजे मी चोरासारखं यायचं?"

"चोर कुठे म्हणतोय मी? शेजारधर्म म्हणतोय."

"नियम करणारा मीच, आणि मीच तो मोडून आत शिरायचं? नाही. रीतसर ठराव मांडतो. सातव्या कलमाला अपवाद. वैद्यकीय कारणासाठी."

"अहो, ठराव म्हटला की अठराच्या अठरा हात वर लागतात. तुम्हीच लिहिलंय ते. कशाला खाजवून खरूज काढताय?"

आतून काकू म्हणाल्या, "अहो, जाऊ या ना उद्यापासून. अध्यक्ष स्वतः सांगतायत."

"तू मध्ये बोलू नकोस," काका म्हणाले. "ताठ मानेने नेईन तुला."

पस्तीस वर्षांत काकूंना एवढं कळलं होतं की हा माणूस वाईट नाही, पण याच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान कलम दाखवत नाही.

दुसऱ्या दिवशी टेलरबाई आपण होऊन आल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा. दारातच उभ्या राहिल्या.

"काका, एक सांगायला आले. तुम्ही काकूंना आणा. मी समोर असले तरी मला काही दिसणार नाही. हवं तर त्या वेळेला मी बागेत येणारच नाही. पण हात वर करायला लावू नका."

"का? कारण तर योग्य आहे."

"कारण माझंही योग्यच होतं. आज हात वर केला, तर तेव्हा माझ्या कुत्र्यासाठी अपवाद मागायला एकाचाही हात का वर झाला नाही, हे मी स्वतःला काय सांगू? डोळे मिटायला मी तयार आहे, काका. हात नाही वर होणार माझा."

एवढं उघड कोण सांगतं? शहाण्याने तिथेच हात जोडले असते. पण सुंभ जळालं तरी पीळ जात नाही. काकांनी हिशेब मांडला: चारचौघांत, सतरा हात वर असताना, एकटी बाई हात खाली ठेवायला धजणार नाही. माणसं लाजेपोटी वळतात यावर त्यांचा फार विश्वास. आपण स्वतः कधी असे वळलो का, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

रविवारी सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये सभा भरली. काकांनी ठराव उभं राहून वाचला. डॉक्टरांचा दाखला जोडला होता, चालण्याची वेळ सात ते साडेसात अशी घातली होती, पट्ट्याची लांबीसुद्धा लिहिली होती. त्यात नव्हतं ते एकच. "माझ्या बायकोसाठी एवढं करा," हे वाक्य. ते त्यांच्या तोंडून निघालंच नाही.

अध्यक्ष म्हणाले, "मी शेवटचं सांगतो. हा कागद घडी करून खिशात ठेवा आणि उद्या सकाळी या."

"मतदान घ्या," काका म्हणाले.

हात वर झाले. कुत्रेवाल्यांचे झाले, बिनकुत्रेवाल्यांचे झाले. ज्यांनी एकेकाळी या कलमावरून काकांशी बोलणं टाकलं होतं त्यांचेही झाले. टेलरबाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर. सगळ्यांनी वळून बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, पण हात मांडीवरच राहिले.

"बाई," काका म्हणाले, "सतरा झालेत."

"सतरा चालत नाहीत, काका," बाई म्हणाल्या आणि उठून घरी गेल्या.

मोठ्या काळ्या कुत्र्याचं तरुण जोडपं होतं, त्यातला नवरा म्हणाला, "काका, नुसते आला असता तर आम्ही काही बोललो नसतो. पण आता लेखी नामंजूर झाल्यावर तुम्ही कुत्रा आणला, तर आम्हीही आणणार." त्यावर बिनकुत्रेवाल्यांपैकी एक आजोबा खवळले, "असं असेल तर कोणीच आणायचा नाही!" दोन दिवसांपूर्वी मिटायला तयार असलेले छत्तीस डोळे आता टक्क उघडे झाले होते. सभेचा वृत्तांत लिहिणं हे सेक्रेटरीचं काम. काकांनी रजिस्टर ओढलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: ठराव नामंजूर.

घरी काकू चप्पल घालून बसल्या होत्या. भुऱ्या पायाशी.

"काय झालं?"

"एक मत कमी पडलं."

"टेलरबाईंचं?"

"हो."

"त्या तर डोळे मिटते म्हणाल्या होत्या ना?"

"हो."

काकूंनी खाली वाकून एका हाताने चपलेचा पट्टा सोडवला. त्याला बराच वेळ लागला. काका मदतीला वाकले तेव्हा त्यांनी पाय मागे घेतला. "मग विचारलंत कशाला?" एवढंच म्हणाल्या.

त्या नऊ पावलांच्या खोलीत काकू पावसाळाभर चालल्या. आधी वीस फेऱ्या, मग दहा, मग कंटाळा, मग टाच टेकेनाशी झाली. डॉक्टरांनी पाय हातात घेऊन बघितला आणि चाकाच्या खुर्चीची चिठ्ठी लिहिली. काकांनी दोनदा बागेच्या फाटकापर्यंत जाऊन बघितलं होतं, पहाटे, कोणी नसताना, भुऱ्याला घेऊन. फाटक उघडंच होतं. दोन्ही वेळा ते परत फिरले. आता कानाडोळा मागायलाही तोंड उरलं नव्हतं.

खुर्ची आली. काकांनी बाराही कलमं पुन्हा वाचली. खुर्चीला कुठेही मनाई नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांनी काकूंना बागेत नेलं. बागेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. टेलरबाई गोल रस्त्यावरून समोरून येत होत्या, त्या थबकल्या. जवळ आल्या, खुर्चीपुढे उकिडव्या बसल्या आणि काकूंचा लुळा हात हातात घेऊन रडायला लागल्या. "काकू, माझा हात वर व्हायला हवा होता हो. मला माफ करा."

"तुमचं काय चुकलं?" काकू म्हणाल्या. "तुम्ही तर आधी घरी येऊन सांगितलं होतं." मागे खुर्ची धरून नवरा उभा होता. त्याच्याकडे त्यांनी मान वळवली नाही. "ह्यांना मान खाली घालून आत यायचं नव्हतं. म्हणून मी बसून आले."