सहा पूर्णांक अठ्ठावीस काय?

मंतशा फळ्यासमोर उभी होती आणि घामानं खडू बोटांत ओला व्हायला लागला होता. जळगावच्या पदार्थविज्ञान विभागात संशोधनाची एकच जागा उरली होती. बाहेर मुलाखतीला बसलेले चौघेही पदार्थविज्ञानाचे, गणितात एम.एस्सी. झालेली ही एकटीच. जागा हुकली तर सोमवारपासून धुळ्याच्या क्लासमध्ये दहावीचं बीजगणित शिकवायचं, हे घरी ठरलेलं.

प्रश्न सोपा होता. स्प्रिंगला वजन टांगून सोडलं, तर एका झोक्याला किती वेळ? तिनं समीकरण मांडलं, पाच वर्षांच्या सवयीनं सगळे स्थिरांक एक धरले आणि झरझर उत्तर काढलं. "सहा पूर्णांक अठ्ठावीस."

"काय?" भूपेंद्र सरांनी विचारलं.

"सहा पूर्णांक..."

"ऐकलं. पण काय? सेकंद, तास, वर्षं? आणि गव्हाचं पोतं टांगलं काय नि लिंबू टांगलं काय, तेवढंच?"

"गणितवाल्यांना जगात सगळं एकच असतं, सर," शेजारच्या कामिनी मॅडम हसू दाबत म्हणाल्या.

मंतशाचे कान तापले. तिचे अब्बा नासीर धरणगावच्या बाजार समितीत मापाडी. कोणी नुसता आकडा सांगितला की काट्यावरून मान न उचलता अहिराणीत खेकसायचे, "चाळीस काय शे, भाऊ? किलो का गोण्या?" आणि त्यांच्याच मुलीनं नुसता आकडा फेकला होता.

तिनं फळा पुसला. वस्तुमान किलोत, स्प्रिंगचा ताठरपणा किलो भागिले सेकंदाचा वर्ग. यातून सेकंद काढायचे, तर पहिल्याला दुसऱ्यानं भागून वर्गमूळच घ्यावं लागतं.

सरांनी खरी स्प्रिंग, दोनशे ग्रॅमचं वजन, पट्टी आणि स्टॉपवॉच पुढं सरकवलं. वजन टांगताच स्प्रिंग पाच सेंटिमीटर ताणली. मंतशानं हिशेब करून आधीच लिहून टाकलं : वीस झोके, नऊ सेकंद.

मोजले, तर नऊ पूर्णांक चार. पुन्हा मोजले. तेच.

"घड्याळ चुकलं म्हण," मॅडम म्हणाल्या.

म्हणता आलं असतं. पण मंतशा वजनाऐवजी वरच्या स्प्रिंगच्या वेढ्यांकडे बघत राहिली. तेही वरखाली होत होते.

"बारदान!" ती ओरडलीच. "म्हणजे... माल मोजताना रिकाम्या पोत्याचं वजन धरतात ना, सर, तसं. स्प्रिंगलाही स्वतःचं वजन आहे. ते मी धरलंच नाही."

मॅडमचं हसू थांबलं. सरांनी यादीवर खूण केली. "सोमवारी सकाळी ये. आधी प्रयोगशाळा, मग तुझी समीकरणं."

फोनवर बाजाराचा गलका होता.

"अब्बा, झालं! धुळ्याला नाही जायचं."

"अच्छा! मग या संशोधनाला किती लागतील?"

"पाच."

"पाच काय?" नासीर सवयीनं म्हणाले.