भाषणातलं एक वाक्य मी गाळलं

गेल्या आठवड्यात मामींनी मला चांगलंच पकडलं...

मामी म्हणजे चेन्नईत, वेस्ट मांबलमला मी राहतो त्या घराच्या मालकीण. तंजावरकडच्या मराठी. त्यांचं मराठी माझ्या पणजीपेक्षाही जुनं, वर तमिळची फोडणी. हिंदीशी मात्र वाकडं, त्यामुळे टीव्हीवर हिंदी लागलं की मला बोलावणं येतं.

ऑफिसमधला माझा मित्र इम्रान रविवारी शेजारच्या खोलीत राहायला येणार होता. मूळचा काश्मीरचा. मामींचा होकारही झाला होता... आणि बुधवारी तिकडे अतिरेकी हल्ला झाला. दुपारीच त्याचा मेसेज आला, ‘येऊ ना अजून?’

संध्याकाळी दिल्लीतल्या एका बड्या नेत्यांचं भाषण होतं. मी शेजारी बसून मामींना मराठीत सांगत होतो. श्रद्धांजली झाली, चोख उत्तर देण्याचं झालं. मग ते म्हणाले, शत्रू फक्त सीमेपलीकडे नाही, तुमच्या शेजारीही असेल, नजर ठेवा...

तेवढं मी गाळलं. साळसूदपणे पुढच्या वाक्यावर गेलो.

सकाळी मामींची हाक. तेच भाषण त्यांनी तमिळ बातम्यांत पुन्हा ऐकलं होतं.

"काल एक गोष्ट लपवलास की रे?"

इम्रानची खोली गेली, असंच वाटलं.

"शेजारी कोण कसा, तें तो दिल्लींत बसून सांगणार का पा? माझं घर मी पाहतें. आयतवारीं दूध काचायचं, जास्ती दूध सांगून जालं. पण घरांत मांस नको, तेवढं बोलून ठेव त्याला."

नव्या घरात शिरताना आधी दूध उकळून उतू जाऊ द्यायचं, ही इकडची पद्धत. मामी ती भाडेकरूलाही चुकवू देत नाहीत.

रविवारी दूध वर आलं आणि बिचारा इम्रान गॅस बंद करायला धावला. "अय्यो, राहू दे पा!" मामी ओरडल्या. मग तिघंही खूप हसलो.

रात्री मात्र मला झोप येईना. त्या भाषणानंतर आमच्या घरात शेजाऱ्यावर संशय घेतला तो मी एकट्यानेच... आणि तोही मामींवर. मामी, चुकलो. आणि मनापासून थँक्यू.